घरं रिकामी होण्याआधी हे कागद ग्रंथालयात यायला हवेत

प्रति,
मा. अध्यक्ष,
फुल्टन काउंटी आयुक्त मंडळ,
अटलांटा, जॉर्जिया

महोदय,
सप्रेम नमस्कार.

कृष्णवर्णीयांचा इतिहास जपणारं ऑबर्न ॲव्हेन्यूवरचं संशोधन ग्रंथालय १९९४ पासून आपल्या काउंटीत उभं आहे. तिथल्या पुस्तकांची मला चिंता नाही. पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी सापडते. मी लिहितो आहे ते, काम झालं की टाकून दिल्या जाणाऱ्या कागदांविषयी: चर्चच्या वर्धापनदिनाची पत्रकं, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे छापील कार्यक्रम, निवडणुकीची हँडबिलं, दुकानांची कार्डं, मागच्या बाजूला जाहिरात छापलेले पुठ्ठ्याचे हातपंखे. आणि सर्वांत मोलाच्या म्हणजे अंत्यविधीला वाटल्या जाणाऱ्या चार-आठ पानी पुस्तिका.

त्या पुस्तिकेत काय असतं हे मराठी वाचकांनाही कळावं म्हणून सांगतो. मुखपृष्ठावर फोटो. त्याखाली पुष्कळदा जन्मतारखेला ‘सूर्योदय’ आणि मृत्यूच्या तारखेला ‘सूर्यास्त’ लिहिलेलं असतं. आत आईवडिलांची नावं, जन्मगाव, शिक्षण, अटलांटाला कधी आले, कुठे राबले, कोणत्या चर्चमध्ये गायले, मागे कोण कोण आहे. शेवटच्या पानावर शवपेटीला खांदा देणाऱ्यांचीही नावं. हे सगळं घरच्यांनी लिहिलेलं असतं, कुणा सरकारी कारकुनानं नव्हे.

सरकारनं काय लिहिलं होतं? १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांचे तक्ते वेगळे होते. त्यात मालकाचं नाव, आणि त्याखाली माणसांचं वय, लिंग, रंग. गुलामांची नावं जवळजवळ नाहीतच. गुलामगिरीतून सुटलेली माणसं देशाच्या जनगणनेत नावानिशी आली ती १८७० मध्ये. पुढेही कित्येक दशकं गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी कृष्णवर्णीयांच्या मृत्यूची दखल घेतली नाही, किंवा वेगळ्या कोपऱ्यात घेतली. आपली पणजी कोणत्या गावची, हे शोधू पाहणाऱ्या कुटुंबाला कधी कधी ट्रंकेत राहिलेल्या अशा एकाच पुस्तिकेचा आधार असतो.

जॉर्जियात अशा पुस्तिका जपण्याचं काम सुरू झालेलं आहे, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. ऑबर्न ॲव्हेन्यूचा आणि इतर संग्रह मिळून, मुख्यतः अटलांटा परिसरातल्या, तीन हजारांहून अधिक पुस्तिका जॉर्जियाच्या डिजिटल ग्रंथालयावर कुणालाही पाहता येतात. सर्वांत जुनी १८८६ ची आहे. पण एवढ्या मोठ्या शहरात, जिथे दर आठवड्याला अशा पुस्तिका छापल्या जातात, तिथे तीन हजार म्हणजे फारच थोड्या झाल्या.

ही जबाबदारी काउंटीच्याच ग्रंथालय व्यवस्थेवर का, याचं उत्तर तिच्याच इतिहासात आहे. १९०२ मध्ये या व्यवस्थेचं मूळ असलेलं अटलांटाचं कार्नेगी ग्रंथालय उघडलं तेव्हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस शिष्टमंडळ घेऊन विश्वस्तांकडे गेले: आम्हाला आत का घेत नाही? नकार मिळाला. कृष्णवर्णीयांसाठी पहिली शाखा ऑबर्न ॲव्हेन्यूवर निघाली ती १९२१ मध्ये. तिथेच १९३० च्या दशकात ग्रंथपाल ॲनी मॅकफीटर्स यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा संग्रह उभा केला. मुख्य ग्रंथालयाचं दार मात्र त्यांच्यासाठी १९५९ मध्ये उघडलं. ज्या संस्थेनं सत्तावन्न वर्षं या माणसांना मुख्य ग्रंथालयात वाचक म्हणूनही घेतलं नाही, तिनं आता त्यांच्या दारी जाऊन त्यांचे कागद आदरानं मागावेत, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

याच ड्यू बॉईसना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आणि भारतातले अस्पृश्य यांच्या स्थितीतलं साम्य त्यात आहे. ते आज आम्ही वाचू शकतो, कारण मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्टच्या विद्यापीठ ग्रंथालयानं ड्यू बॉईसचे सुटे कागदसुद्धा सांभाळले. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी लोकांना अर्पण करणाऱ्या जोतीरावांच्या वाचकांना हा विषय परका नाही.

आता मागणी. प्रत्येक शाखेत पेटी ठेवून ‘कागद आणून टाका’ म्हणण्यानं काही होणार नाही. कागदपत्रं जतन करणारी प्रशिक्षित माणसं कायम पदांवर नेमा. केंद्रीय अनुदानावर विसंबू नका. ग्रंथालयांना मदत देणारी संघीय संस्था शक्य तितकी आटोपती घेण्याचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश मार्च २०२५ मध्ये निघाला, तेव्हा तो आधार किती कच्चा आहे ते दिसलं. ही माणसं स्कॅनर घेऊन चर्चमध्ये, वृद्धांच्या घरी जाऊ देत. कुटुंबाला मूळ कागद हवा असेल तर तो त्याच दिवशी परत द्यावा. हयात माणसांची नावं आणि पत्ते त्यांच्या संमतीशिवाय खुले करू नयेत. आणि नुसतं स्कॅन करून थांबू नये: मृताचंच नाही, तर नातेवाईक, खांदेकरी, चर्च, गल्ली यांच्या नावांनीही शोधता येईल अशी सूची हवी. तेच खरं कष्टाचं काम आहे, आणि तिथेच पैसे कमी पडतात.

वेळ थोडा आहे. शहरातून जाणाऱ्या महामार्गानं ऑबर्न ॲव्हेन्यूचे दोन तुकडे केले, घरं-दुकानं पाडली. त्यांतल्या कितीतरी पत्त्यांची खूण आता जुन्या हँडबिलांवरच उरली असेल. १९५० च्या दशकातले कागद जपणाऱ्या बायका आज ऐंशी-नव्वदीच्या आहेत. घर विकलं जातं, नवे मालक येतात, दाराशी कचऱ्याचा मोठा डबा उभा राहतो.

येत्या अंदाजपत्रकात या पदांची तरतूद करावी, ही विनंती. कागद स्कॅन करण्याचं पहिलं शिबिर ऑबर्न ॲव्हेन्यूवरच्याच एखाद्या चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेनंतर भरवता येईल. नावं उतरवून घ्यायला मी येईन, आणि इथल्या मराठी मंडळींनाही घेऊन येईन.

आपला,
अटलांटातील एक मराठी रहिवासी