धातू गाठ मारत नाही, पीळ धरतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

'तांबे घातले की रेणू आपोआप एकमेकांत अडकतात' हे वाक्य रेणूंच्या गाठींवरील लेखांत वाचायला मिळते. ते अर्धेच खरे आहे. दोन धागे एकमेकांवरून जातात ती जागा तांबे धरून ठेवते, एवढेच. टोके जोडणे हे वेगळे काम, आणि सगळी नासाडी तिथेच होते.

रसायनशास्त्रज्ञ झाँ-पिएर सोवाज यांनी स्ट्रासबर्गमध्ये १९८३ साली, रेणूंची दोन कडी साखळीच्या दुव्यांसारखी एकमेकांत गुंतवून, हे दाखवले. एकसंयुजी तांब्याला चौफलकाच्या कोपऱ्यांवर चार नायट्रोजन लागतात. फेनॅन्थ्रोलिन हा धातूला धरणारा ताठ, सपाट रेणू-तुकडा; असा एक तुकडा दोन देतो, म्हणून दोन फेनॅन्थ्रोलिन तांब्याभोवती एकमेकांना काटकोनात उभी राहतात. त्यातले एक आधीच बंद कड्यात असावे. त्याच्या द्रावणात आर्गॉनखाली तांब्याचे ॲसिटोनायट्राइल संकुल एकास एक घालायचे, मग दोन्ही टोकांना फिनॉल असलेला सुटा धागा, तोही तितकाच. बंद कडी एकमेकांत शिरू शकत नाहीत, त्यामुळे धागा कड्यातच ओवला जातो. धागा जास्त पडला तर मात्र तांबे दोन सुटे धागे धरून बसते. त्याचाही रंग गडद लालच, म्हणून रंगावर विसंबू नये.

मग टोके जोडायची: डायआयोडो ग्लायकॉल साखळी (दोन टोकांना सांधणारा दुवा), सीझियम कार्बोनेट (आम्लारी), डीएमएफ (द्रावक), सुमारे ६० अंश सेल्सिअस. द्रावण अतिशय विरल हवे आणि भर सावकाश घालायची, नाहीतर शेजारचे धागेच एकमेकांना जोडले जाऊन चिकट बहुवारिक (पॉलिमर) उरते. अशा रीतीने उत्पन्न, म्हणजे हवा तो रेणू हाती येण्याचे प्रमाण, ४२ टक्के मिळाले. धातूशिवाय, केवळ योगायोगावर विसंबून १९६० साली केलेल्या प्रयोगात ते एक टक्काही नव्हते. शेवटी पोटॅशियम सायनाइडने तांबे काढून घ्यायचे. ते तांब्याला फेनॅन्थ्रोलिनपेक्षा घट्ट धरते. त्या द्रावणात आम्लाचा थेंबही जाता कामा नये, हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटतो.

तिपाकळी गाठीत, म्हणजे एकाच बंद धाग्याच्या तीन फासांच्या गाठीत, याहून मोठा धडा आहे. १९८९ साली दोन फेनॅन्थ्रोलिन चार कार्बनच्या साखळीने जोडून असे दोन पेड दोन तांब्यांभोवती पिळले, आणि गाठ मिळाली जेमतेम ३ टक्के. तांबे तेच होते. पण लवचीक जोडामुळे पेड पीळ न घेता समोरासमोरही बसत, आणि मग बंद होत ती साधी कडी. जोडात ताठ बेंझिन वलय घातल्यावर पीळ पक्का झाला, उत्पन्न २९ टक्क्यांवर गेले. पुढे ग्रब्स उत्प्रेरकाने (कार्बनचे दुहेरी बंध जुळवणाऱ्या धातुसंकुलाने) टोके जोडून ते ७४ टक्क्यांपर्यंत पोचले. मँचेस्टरमध्ये डेव्हिड ली यांच्या गटाने २०१७ साली चार लोह आयन आणि मधोमध एक क्लोराइड वापरून १९२ अणूंच्या फासात आठ छेद (धागा धाग्यावरून जातो त्या जागा) बांधले. तिथेही छेद धातूने धरले, फास बंद केला तो नंतरच्या अभिक्रियेने.

कडी खरोखर गुंतली आहेत की नाही, हे वस्तुमान वर्णपटात, म्हणजे रेणू व त्याचे तुकडे वजनानुसार दाखवणाऱ्या आलेखात, दिसते. एक कडे तुटले की दुसरे अखंड निसटते. म्हणून दोन कड्यांच्या वस्तुमानानंतर थेट एका कड्याचे येते, मधले तुकडे जवळजवळ नसतात.

आपले,
रसायनशास्त्राचे काही अध्यापक