परवाच्या सुरमईची पूर्ण हकीकत

मालवण,
कार्तिक वद्य दशमी

चि. बाळ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर "बाबा, समुद्रात नक्की काय झाले?" असे दोनदा विचारलेस आणि दोन्ही वेळा "काही नाही गं, होडीच्या पंख्यात थोडे जाळे अडकले होते" एवढेच सांगून मी विषय बदलला. तेव्हा आई शेजारीच बसली होती आणि तिलाही मी सगळे सांगितलेले नव्हते. काल सकाळी चहा घेताना तिला सांगितले, आणि आज तुला लिहीत आहे. लहानपणी तुझ्याकडून मी कधी अर्धी हकीकत चालवून घेतली नाही, तेव्हा माझी अर्धी हकीकत तुझ्याकडे राहावी हे मला बरे वाटत नाही. फोनवर सांगू लागलो असतो तर तू मध्येच रडवेली झाली असतीस आणि मी पुन्हा गप्प बसलो असतो, म्हणून हे पत्र.

अष्टमीला पहाटे साडेपाचला मी दांडीच्या किनाऱ्यावरून होडी पाण्यात लोटली. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याच्या दिवसांतले पाणी होते. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ फार असते, तळातला गाळ ढवळून पाणी गढूळ होते आणि सोडलेली दोरी सरळ राहत नाही. भांगाला पाणी निवळ असते, आणि सुरमई डोळ्यांनी शिकार करणारी मासळी असल्यामुळे गळाने मासे धरणारा माणूस हेच दिवस पाहतो. अर्धा चंद्र डोक्यावर होता, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पाठीवर हलका लागत होता आणि थंडी एवढी होती की आईने दिलेली शाल मी सूर्य वर येईपर्यंत काढली नाही. माझ्याबरोबर नेहमी येणारे आपले शेजारी त्या दिवशी कुडाळला लग्नाला गेले होते. मी एकटा गेलो. पहिली चूक इथेच झाली, आणि ती मी जाणूनबुजून केली.

पद्मगड आणि सिंधुदुर्ग यांच्या भोवतालचे खडक टाळून बाहेर पडायची वाट तुला पाठ आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर किल्ल्याचे काम सुरू केले ते याच बुडालेल्या खडकांकडे पाहून. शत्रूच्या गलबताला जी वाट सापडू नये ती आपल्याला आजोबांनी बोटाने दाखवली. त्या खडकांमुळेच आपल्या उपसागरात बारीक मासळी थांबते, आणि तिच्या मागावर कार्तिक-मार्गशीर्षात सुरमई किनाऱ्याजवळ येते. सागरी अभयारण्याची हद्द मागे टाकून बारा वाव, म्हणजे बहात्तर फूट खोल पाण्यात आलो तेव्हा फटफटले होते. किल्ल्याच्या तटावर उजेड पडायला अजून वेळ होता, पण पश्चिमेकडच्या पाण्याचा रंग शाईतून राखाडीत उतरू लागला होता.

साधारण सव्वासातला पक्षी दिसले. सुरय पक्षी आधी आले, त्यांच्या मागोमाग लडाख-तिबेटकडून हिवाळ्यापुरते इकडे उतरणारे कुरव, आणि सगळे एका ठिकाणी घिरट्या घालून पाण्यात सूर मारू लागले. खाली तारलीचा थवा होता. पाणी उकळल्यासारखे दिसत होते आणि मधूनच शंभर-दोनशे तारल्या एकदम उसळून पुन्हा पाण्यात पडत होत्या, तेव्हा पत्र्यावर सर आल्यासारखा आवाज होत होता. अशा वेळी थव्याच्या मधोमध होडी घालायची नाही, कडेकडेने फिरवायची, हे मी तुला पहिल्यांदा शिकवले तेव्हा तू सुकाणूच्या दांड्यापेक्षा फार उंच नव्हतीस. मशीन मंद ठेवले आणि चाळीस वाव तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, मागे सोडला. शेवटी दीड हात पोलादी तार, तिला गरी, म्हणजे गळाचा आकडा, आणि गरीवर चंदेरी पट्टी. तारेची काटकसर करून चालत नाही, कारण सुरमईचे दात त्रिकोणी आणि कातरीसारखे एकमेकांवर बसणारे असतात. नुसता तंगूस असेल तर ती गरीसकट तोडून निघून जाते आणि हाताला केवळ सैलपणा कळतो.

पहिली लागली ती लहान होती. आडव्या फळीवर तू दहावीच्या सुट्टीत चाकूने कोरलेली अडीच फुटांची खूण अजून आहे, आणि त्या खुणेपर्यंत न पोचणारी सुरमई आपल्या होडीत राहत नाही हा तुझाच नियम मी पाळतो. दुसरे वर्ष गाठल्याशिवाय सुरमई अंडी घालण्याजोगी होत नाही. तिला एकदा तरी वीण करू द्यावी, हे तुझे त्या वेळचे म्हणणे मला तेव्हाही पटले होते. गरी ओठाच्या कडेला होती आणि कल्ले स्वच्छ लाल होते, म्हणून ओल्या हाताने धरून तिचे तोंड पाण्यात पुढच्या बाजूला केले आणि सोडली. सुरमईच्या पोटात हवेची पिशवी नसते, ती थांबली की बुडते, त्यामुळे तिला सोडताना पुढे ढकलावेच लागते. शेपटीचा एक झटका देऊन ती गेली. कल्ल्यातून रक्त येत असते तर मी तिला परत सोडली नसती, कारण अशी मासळी वाचत नाही आणि ती वाया घालवण्यापेक्षा घरी आणणे मला योग्य वाटते.

दुसरी लागली ती आठला पाच-दहा मिनिटे कमी असताना. तंगूस तर्जनीवरून सोडलेला होता. आधी काहीच नव्हते, आणि मग बोटावर कोणी टाच मारावी तसा एक ठोका आला. तंगूस पाण्यातून कापत उजवीकडे गेला, रबरी बोटमोजा असूनही कातडीला चटका बसला आणि बघता बघता पंधरा वाव दोरी गेली. मी मशीन बंद केले. ओढायचे नाही, फक्त सैल पडू द्यायचे नाही. ती धावली की द्यायचे, ती वळली की घ्यायचे. तीन वेळा ती होडीजवळ आली आणि तीन वेळा होडीची सावली पाहून खाली गेली. पाऊण वाव पाण्यातून जेव्हा ती दिसली तेव्हा तिची पाठ निळ्या पोलादासारखी होती आणि बाजूवरचे उभे पट्टे काळ्या शाईने ओढल्यासारखे स्पष्ट होते. हे पट्टे जिवंतपणी जसे दिसतात तसे बाजारात कधीच दिसत नाहीत. होडीत घेतल्यावर दोन-तीन मिनिटांत पाठीचा निळा रंग राखेसारखा होत गेला, आणि तो जात असताना मी दर वेळी बघत बसतो. तीन फूट दोन इंच लांब, घरी आणून तोलली तेव्हा सहा किलो भरली.

तिथेच परत फिरायला हवे होते. एक मासा घरी पुरतो, शेजाऱ्यांनाही जातो. पण पक्षी अजून खाली येत होते, म्हणून मी आणखी एक फेरी घेतली. साडेआठच्या सुमाराला मशीनचा आवाज एकदम जड झाला आणि ते बंद पडले. वर उचलून पाहिले तर पंख्याला हिरवे नायलॉनचे जाळे गुंडाळलेले होते, कोणाचे तरी तुटून वाहत आलेले, शेवाळ धरलेले. फोनवर मी तुला सांगितले ते एवढेच. यापुढचे मी कालपर्यंत कोणालाच सांगितले नव्हते.

चाकू घेऊन मी मागच्या काठावरून वाकलो. पाच-सहा फास कापले. त्याच वेळी कुशीवर एक लाट आली, आणि पायाखाली सुरमईची बुळबुळ होती, ती मी पाणी मारून धुतलेली नव्हती. पाय सरकला. छाती काठावर आपटली, चाकू गेला, आणि काही क्षण माझे पाय होडीत आणि डोके व दोन्ही हात पाण्यात, अशा अवस्थेत मी होतो. खाली मशीनचा दांडा हाताला लागला, त्याला धरून मी स्वतःला मागे ढकलले. लाइफ जॅकेट बाकाखाली, बर्फाच्या पेटीच्या बुडाला, पेटी हलू नये म्हणून कोंबलेले होते. ते तू पाठवलेले जॅकेट आहे. हे लिहिताना मला फार लाज वाटते.

श्वास बसल्यावर पाहिले तर किल्ला लहान दिसू लागला होता. ओहोटी चालू होती आणि मतलई वाराही बाहेरच ढकलत होता. होती तेवढी सगळी दोरी सोडून नांगर टाकला; तो दोनदा घसरला आणि तिसऱ्यांदा धरला. मग दांडीवर फोन केला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत होता, एवढी एक गोष्ट मी त्या दिवशी नीट केली होती. सव्वा तास मी तिथे बसून होतो. बरगडी दुखत होती, पाणी शांत होते, आणि दहा-साडेदहाला वारा फिरून वायव्येचा सुरू झाला की हीच होडी उलट खडकांवर जाणार हे मला ठाऊक होते, त्यामुळे नांगराच्या दोरीवरचा हात मी काढला नाही. दालदीची (पाण्यात तरंगती सोडलेली) जाळी काढून परतणारी दोन तरुण मुले आली आणि त्यांनी होडी ओढून आणली. त्यांतला एक, तुझ्यापेक्षा वयाने लहान, दोर बांधताना म्हणाला, "काका, एकटे कित्याक इलात?" मला उत्तर देता आले नाही. पैसे त्यांनी घेतले नाहीत. सुरमईची अर्धी बाजू आईने संध्याकाळी त्यांच्या घरी दिली. उरलेल्या तुकड्यांचे तिने तिरफळे घालून तिखले केले आणि डोक्याचे सार. बरगडीचा फोटो काल काढला. हाड मोडलेले नाही, मुका मार आहे, डॉक्टरांनी तीन आठवडे वजन उचलू नकोस म्हटले आहे.

आता तुझ्या मागण्याविषयी. गणपतीत आली होतीस तेव्हा तू होडी विकण्याविषयी बोललीस आणि मी ते कानाआड केले. या दोन दिवसांत मी त्याचा सरळ विचार केला आहे. सुरमई बाजारात मिळते आणि मला ती विकत घेणे परवडते, हे तुझे म्हणणे खरे आहे. पण बँकेतल्या तीस वर्षांत, बदलीच्या गावी समुद्र नसताना, मला आठवत राहिला तो बोटावरचा तो ठोका, आणि तो आजोबांनी माझ्या बोटावर ठेवलेला आहे. पाण्याचा रंग, पक्षी, ओढ, दोरीचे वजन, हे सगळे एकत्र वाचता येते तेव्हा मला माझे डोळे आणि हात अजून कामाचे आहेत असे वाटते. म्हणून होडी विकू नये असे माझे मत आहे. मात्र एकट्याने जाणे मी थांबवले आहे. आईच्या समोर बोललो आहे आणि तुलाही शब्द देतो. जॅकेट घरातूनच अंगावर चढेल, चाकू दोन असतील आणि दोन्ही दोरीने बांधलेले, आणि नवाच्या आत मी दांडीवर परत आलेला असेन. आलो नाही तर आईने कोणाला फोन करायचा तो नंबर तिने भिंतीवर लिहून ठेवला आहे. शेजाऱ्यांना जमणार नसेल त्या दिवशी मी पुळणीवर बसून इतरांच्या होड्या बघेन. एवढ्यावरही तुझे मन मानत नसेल तर मोकळेपणाने लिही, मी रागावणार नाही.

पंख्यातले जाळे मी टाकून दिले नाही. ते ओले असताना साडेतीन किलो भरले, कुंपणावर वाळत घातले आहे. त्यात दोन खेकडे आणि एक लहान पालू मासा मेलेला सापडला. कोणाचेही नसलेले जाळे असे मासे धरतच राहते, म्हणून मिळेल तेवढे किनाऱ्यावर आणायचे असे मी ठरवले आहे.

तुमच्या मस्कतला सुरमईवर दर वर्षी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर बंदी असते आणि त्या दिवसांत कनअद (सुरमईचे तिकडचे नाव) बाजारात येत नाही, असे तू सांगितले होतेस, ते मी शेजाऱ्यांना सांगितले. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, पण एकट्या सुरमईसाठी वेगळे दिवस राखलेले नाहीत. राखावेत असे मला वाटते. तुझ्याकडच्या मासेविक्यांना या बंदीचा त्यांना फायदा वाटतो की नाही हे विचारून मला कळव.

नाताळच्या सुट्टीत तुम्ही याल तेव्हा छोटीला होडीत बसायचे आहे असे तिने मला फोनवर सांगितले आहे. पद्मगडापर्यंत, पाणी निवळ असेल त्या दिवशी, तू स्वतः होडीत असशील तरच नेईन. तिच्या मापाचे जॅकेट इथे मिळाले नाही, ते तिकडून घेऊन ये. घेण्याआधी तिच्या छातीचे माप आणि वजन दोन्ही पाहा, आणि पायांमधून जाणारा पट्टा आहे ना याची खात्री करून घे. मोठे जॅकेट पाण्यात वर सरकून तोंडावर येते. जमल्यास पोलादी तारेचे एक रीळही आण. जावईबापूंना आशीर्वाद. कळावे.

तुझे,
बाबा