पटावरची पोरं आणि फडातली पोरं: शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

साहेब, मी सांगलीत कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे. माझा विषय मानवी भूगोल. सोयरेधायरे विचारायचे, म्हणजे नद्या-डोंगर नाहीत का? असतात, पण त्यांच्या कडेनं माणसं का हलतात, कुठं अडतात आणि त्यांना कोण अडवतं, हे आमच्याकडं येतं. त्यातही मी पोरांकडं वळलो. मोठ्या माणसाला प्रश्न विचारला की तो आपल्याला काय ऐकायचंय याचा अंदाज घेऊन बोलतो. पोराच्या हातात खडू दिला की ते दिसलं ते काढतं.

हे खूळ डोक्यात शिरलं ते घरातूनच. आईचं माहेर पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या धरणात गेलेलं. तिच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव म्हणून जे नाव आहे, ते गाव त्या धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी आहे. गाव पाण्यात भिजतंय तर दाखल्यावरची शाईही फिकी होत असणार, असं मला लहानपणी वाटायचं. तो दाखला मी अधूनमधून काढून बघत असे. कोयनेचे धरणग्रस्त अजून पुनर्वसनासाठी आंदोलनाला बसतात, त्यावर आज लिहीत नाही. ते खातं तुमचं नाही.

तुमच्या खात्याचं म्हणजे ऊसतोड्यांच्या पोरांच्या शाळेचं सांगतो, आणि सुरुवात जरा लांबून करतो. भूगोलाच्या माणसाला तेवढी सवलत द्या.

लग्नाचा बस्ता बांधायला आपल्याकडची निम्मी माणसं कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. तिथं साड्यांचे ढीग उपसताना कुणाच्या मनातही येत नाही की ही जागा एकेकाळी पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. वळिवड्याची छावणी. 1943 ते 1948 या काळात पंचगंगेच्या काठी सुमारे 5000 पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. 1940 च्या फेब्रुवारीपासून सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडं आणि कझाकस्तानात नेली होती. जी जगली वाचली, त्यांतली काही इराणमार्गे इथवर आली. त्यांतली आजारी मुलं आपल्या पाचगणीला हवापालटासाठी ठेवली होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि छावणीचं गांधीनगर झालं. मिरजेहून कोल्हापूरला जाणारी रेल्वे आजही वळिवड्याच्या स्टेशनावरून जाते. विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी तिथं कितीदा गेलो असेन याची मोजदाद नाही. निम्मी मुलं येताना कापड घेऊन यायची, मीही एकदा शर्टपीस घेतलं.

हा इतिहास आता सरकारलाही प्रिय आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सात कोल्हापूरच्या स्मारकाला वंदन केलं. मला मात्र स्मारकापेक्षा त्या छावणीतली एक गोष्ट मोठी वाटते. तिथं बालवाडीपासून माध्यमिकपर्यंत शाळा होती. महायुद्ध चालू, देश हातातून गेलेला, त्यांचं सरकार लंडनमध्ये परागंदा होऊन बसलेलं, बापे लढाईवर, आणि तरी पंचगंगेकाठच्या बराकीत पोरांची हजेरी घेतली जात होती. ती पोरं पोलंडचा भूगोल शिकत होती आणि तिकडं तो भूगोलच बदलत होता. 1945 मध्ये याल्टाला बडी मंडळी बसली, पोलंडची हद्द पश्चिमेकडं सरकली आणि यांतल्या बहुतेकांची गावं सोव्हिएत संघात गेली. घरं होती तिथंच राहिली, सीमा मात्र त्यांच्या अंगावरून निघून गेली. विद्यार्थ्यांना सीमा शिकवताना मी कायम हेच उदाहरण दिलं.

दुसरं उदाहरण दर हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटरचे स्टॉल लावतं. 1959 मध्ये दलाई लामा भारतात आले. 1961 मध्ये केंद्र सरकारनं तिबेटी मुलांच्या शाळांसाठी वेगळी सोसायटी काढली. दोन वर्षांत! भारतानं 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी आपल्याकडं आजही वेगळा कायदा नाही. तरीही शाळा निघाल्या. कुणाच्या तरी मनात आलं, फाइल हलली, वर्ग भरले.

संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबात 2024 च्या अखेरीस जगात 12 कोटी 32 लाख माणसं जबरदस्तीनं घराबाहेर पडलेली होती, त्यांत दर दहांत चार मुलं. या आकड्यात आमच्या वाळव्यातल्या, कऱ्हाडातल्या, पलूसमधल्या उसाच्या फडावरचं एकही पोर धरलेलं नाही, आणि धरूही नये. ऊसतोड्याचं पोर निर्वासित नव्हे. त्याच्यामागं बंदूक लागलेली नाही, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, लागलेली आहे. त्यानं देशाची हद्द ओलांडलेली नाही, राज्याचीसुद्धा बहुधा नाही. ही तुलना मी ताणतोय असं माझ्याच क्षेत्रातल्या एका मित्राचं मत आहे. त्यालाही मी फडावर नेलं होतं. मत बदललं नाही त्याचं, पण परत येताना गाडीत गप्प होता.

आता त्या नकाशाचं सांगतो, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

काही वर्षांपूर्वी, जानेवारीत, कॅनॉलच्या भरावाला लागून ऊसतोड्यांच्या पंधरा-वीस कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या होत्या. टोळी बीड जिल्ह्यातली. आईबाप पहाटे तीनलाच फडात गेलेले. कोपीसमोर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला काखेत घेऊन चुलीतली राख काढत होती. मी कागद आणि तेलखडू दिले, म्हटलं, तू राहतेस तो मुलूख काढ. हे मी सगळ्याच पोरांना सांगतो. तिनं भाऊ खाली ठेवला, त्याच्या हातात वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्याचा, तुकडा दिला आणि काढायला बसली. टायरगाडी काढली, बैलांच्या शिंगांसकट. कारखान्याची चिमणी कागदाच्या वरच्या कडेपर्यंत गेली. हातपंप आला, ऊस मोजायच्या काट्यावरची रांग आली, मालकाचं कुत्रं आलं. मग एका कोपऱ्यात तिनं उभ्या सळ्यांचं एक फाटक काढलं आणि थांबली. फाटकामागं काहीच नाही.

मी विचारलं, हे काय?

"शाळा."

"मग शाळा कुठंय? हे तर नुसतं फाटक."

"आतलं म्या न्हाई बघितलं."

तिच्या मागची भिंत, वर्ग, झेंड्याचा खांब, काही नाही. पाण्याला जाताना रोज दिसायचं तेवढं तिनं काढलं होतं. मी विचारलं, किती लांब आहे शाळा? तिनं किलोमीटर सांगितलं नाही. म्हणाली, भरली घागर घेऊन येताना मधी एकदाच टेकावं लागतं, तेवढी. मी नंतर चालत मोजलं, चारशे पावलंही भरली नाहीत.

त्या फाटकातून मी आत गेलो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण हेडसर भला माणूस होता. त्यांनी चहा सांगितला आणि सरळ हिशेब मांडला. "सर, पोरगी बसू दे की वर्गात, माझं काय जातंय? पण पोषण आहाराचा तांदूळ येतो पटावर. पटावर घ्यायची तर तिकडच्या शाळेनं ऑनलाइन सोडली पाहिजे. तिकडचे सोडत नाहीत. पट कमी झाला की त्यांचा शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्यांचं तरी काय चुकलं?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि मार्चात ही जाणार. गेली की आमच्या नावावर गळती."

साहेब, कायदा या हेडसरांच्या बाजूचा नाही, त्या मुलीच्या बाजूचा आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 5 मध्ये म्हटलंय की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येणार नाही. कलम 14 म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून परत पाठवता येणार नाही. आणि कलम 9 मध्ये तर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी थेट स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेवर, टाकलेली आहे. याहून स्पष्ट मराठीत किंवा इंग्रजीत काय लिहायचं राहिलंय?

तरी पोर फाटकाबाहेर राहतं, याचं कारण माझ्या मते कुणाचा दुष्टपणा नाही. कारण एक तारीख आहे. आपल्याकडं शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरणं, होते ती 30 सप्टेंबरच्या पटावर. टोळ्या उठतात त्या दसऱ्याला, फार तर दिवाळीला. म्हणजे गावाकडच्या शाळेत पोरं मोजायची, त्यांच्या नावावर शिक्षक आणि तांदूळ लावायचा आणि मग चार-दोन आठवड्यांत ती पोरं ट्रकमध्ये बसून आमच्याकडं यायची. कागदावर ती पाच-सहा महिने बीडच्या बाकावरच बसलेली असतात. इथं शिक्षक वाढत नाही, कारण इथल्या 30 सप्टेंबरला ती नव्हती. नाव एका जिल्ह्यात, पोर दुसऱ्यात, आणि दोन्हीकडचे कागद एकदम चोख.

ही आमच्या अभ्यासातली सीमाच आहे. नकाशावर काढता येत नाही, काटेरी तार नाही, चौकी नाही. हेडसरांच्या टेबलावर, ऑनलाइन अर्जाच्या एका रकान्यात ती आहे.

उपाय झालेच नाहीत असं नाही म्हणत. एके काळी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालायच्या, मी काही पाहिल्यात. नंतर धोरण असं झालं की वेगळी शाळा नको, जवळच्या नेहमीच्या शाळेत घाला. विचार चांगला होता. पुढं शिक्षण हमी पत्रक आलं, की गावच्या शाळेनं ते पोराच्या हाती द्यायचं आणि इथल्या शाळेनं ते बघून बसवून घ्यायचं. तेही चांगलं. मी कोप्यांत विचारत फिरलो, तर एका बाईनं ते पत्रक गुंडाळीतून काढून दाखवलं. रेशनकार्डासोबत, प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडलेलं. ते कुणाला दाखवायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना जाहीर झाली, पोरांना गावाकडंच ठेवण्यासाठी. ती पूर्ण व्हावीच. पण नऊ वर्षांची मुलगी वसतिगृहात गेली तर काखेतला भाऊ कोण सांभाळणार, हा हिशेब आईबाप आधी करतात आणि तिला सोबत आणतात. पाळणाघराशिवाय शाळेची गोष्ट बोलणं म्हणजे अर्धा कोयता, म्हणजे जोडप्यातलं एकच माणूस, लावून पूर्ण फड तोडायला निघाल्यासारखं आहे.

आमच्याच जिल्ह्यातल्या, कर्नाटकाला लागून असलेल्या जतचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातल्या 40 गावांचा विषय काढला, तेव्हा कॅमेरे धावत आले. गावं कुणाची, यावर दोन्हीकडून डरकाळ्या झाल्या. त्याच तालुक्याच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेच्या कानडी माध्यमाच्या शाळा आहेत, आणि तिथलं पोर तोडीला आईबापांबरोबर कृष्णाकाठी आलं की जिल्हा तोच असूनही वर्गातली भाषा बदलते. जिल्हा ओलांडला नाही म्हणून स्थलांतरितांच्या यादीतही ते सहजी सापडत नाही. त्याच्याबद्दल कुणी डरकाळी फोडल्याचं मला आठवत नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. कारखान्याला गाळपाचा परवाना पुण्यात साखर आयुक्तांकडून मिळतो. कारखाना वाहतूकदारांशी करार करतो, त्यात ट्रॅक्टर, ट्रेलर, बैलगाड्या, कोयते, उचल, सगळं पै-पैसह लिहिलेलं असतं. कुठल्या शिवारात कुठली टोळी आहे हे शेती विभागाच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या माणसाला, रोज सकाळी तोंडपाठ असतं. जिल्ह्यात पोरं किती आली हे शोधायला गुरुजींना डिसेंबरात कॅनॉलवर हिंडवण्याची गरजच नाही. त्या करारात एक रकाना वाढवा: टोळीसोबत मुलं किती, वयं काय. तो रकाना भरल्याशिवाय परवाना नाही, असं सहकार खात्याच्या मंत्र्यांशी बोलून ठरवून घ्या. ती यादी बॉयलर पेटायच्या, म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या, आधी जिल्हा परिषदेकडं येऊ द्या. आणि पटाची दुसरी मोजणी 15 डिसेंबरला घ्या, फक्त येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांपुरती. गावाकडच्या शाळेचा शिक्षक तिथंच ठेवा, त्याला धक्का नको, नाहीतर तो नाव सोडणार नाही. इकडं हंगामापुरता शिक्षक आणि तांदूळ द्या. हेडसरांच्या नावावर गळती लावू नका, पोर परतीला निघालं की ते परत गेलं असंच लिहा.

खर्च लागेल, हे मलाही कळतं. आयुष्यभर सरकारी पगार घेतलाय मी.

यंदाही जिल्ह्यात बॉयलर अग्निप्रदीपनाची आमंत्रणं छापून आली आहेत. तुम्ही त्यांतल्या एखाद्या कार्यक्रमाला याल. हार-तुरे झाले की ऊस टाकायच्या गव्हाणीकडं न जाता अर्धा तास काढा, कॅनॉलच्या भरावावरून माझ्याबरोबर चाला. गाडी लागणार नाही. चारशे पावलांचं काम आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
भूगोलाचा एक निवृत्त मास्तर,
सांगली

ता. क. सोबत त्या नकाशाची रंगीत झेरॉक्स जोडली आहे. फाटक खाली उजव्या कोपऱ्यात आहे. मूळ कागद मी कुणाला देत नाही. ती मुलगी पुढच्या हंगामात परत आली तर तो तिला द्यायचा म्हणून ठेवला होता. पुढच्या वर्षी त्या भरावावर दुसरीच टोळी उतरली.