कोलंबो बघायचं तर रिक्षातनंच

प्रिय दोस्ता,

फोनवर तू विचारलंस की काका-काकूंना कोलंबो कसं दाखवू, टॅक्सी करू का टूरवाल्यांच्या बसमध्ये बसवू, आणि मी म्हटलं थांब लिहूनच पाठवते, कारण हे दोन वाक्यात सांगायचं प्रकरण नाहीये. तरी उत्तर आधी देऊन टाकते, रिक्षा कर. दिवसभरासाठी, फक्त तुमच्यासाठी, सकाळपासून अंधार पडेपर्यंत एकच ड्रायव्हर. टुरिस्ट लोक टुकटुक म्हणतात, तिथली माणसं थ्री-व्हील म्हणतात, आणि अख्ख्या देशात त्या दहा लाखांच्या वर आहेत.

मी आईला घेऊन गेले होते, आणि आईचे गुडघे तुला माहितीयेत. बसच्या पायऱ्या तिला जमत नाहीत आणि टॅक्सीत काचा लावून एसीत बसलं की तिला झोप लागते, मग शहर बघणार कोण. रिक्षात एक पाय टाकला की बसली. दोन्ही बाजू उघड्या, वारा अंगावर, मसाल्याच्या दुकानावरून गेलो की वास येतो, देवळावरून गेलो की घंटा ऐकू येते, आणि कुठेही मनात आलं की "जरा थांबा हो" म्हणायचं, की थांबली. आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा होता, सगळे त्याला अय्या म्हणजे दादा म्हणत होते म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. इंग्रजी कामापुरतं, हिंदी सिनेमातून शिकलेलं, पण बोलायची हौस दांडगी.

सकाळी पहिल्यांदा फोर्टात गेलो. आता बघ, मुंबईत जन्म गेला माझा पण मुंबईच्या फोर्टात मी रिक्षाने कधी गेलेच नाहीये, कारण सायन-माहीमच्या पुढे रिक्षाला परवानगीच नाही. आणि इथे तेच इंग्रजी वळणाचे दगडी खांब, कमानी, जुनी बँकांची ऑफिसं, कारगिल्स या जुन्या दुकानाची ती १९०६ची लाल इमारत, आणि त्यातनं आमची रिक्षा खुशाल चाललीय. चॅथम स्ट्रीटच्या चौकात एक घड्याळाचा मनोरा आहे, तोच एके काळी दीपगृह पण होता, गव्हर्नर वॉर्डच्या बायकोने त्याचा आराखडा केलेला. आता समोर इतक्या उंच इमारती झाल्यात की तिथून समुद्र दिसतच नाही. जवळच डच लोकांचं १६८१ सालचं हॉस्पिटल, जाड भिंती, कौलारू पडव्या, आत आता हॉटेलं आणि दुकानं. तिथे फार वेळ घालवू नकोस, एक चक्कर मारली की झालं.

आणि हे काकांना मुद्दाम सांग. अय्याची रिक्षा बजाजची होती. तिथल्या बहुतेक रिक्षा बजाजच्याच आहेत, काही लोक तर रिक्षाला नुसतं बजाजच म्हणतात. मी त्याला म्हटलं माझ्या मित्राचे वडील वाळूजला बजाजच्या कारखान्यात लाइनवर होते, तिथेच या रिक्षा बनतात. त्याने चक्क रिक्षा बाजूला घेतली, खाली उतरला, मागची सीट उचलून इंजिन दाखवलं मला, किती स्वच्छ ठेवलंय ते. २०२० मध्ये तिथे वाहनांची आयात बंद झाली आणि ती बंदी कितीतरी वर्षं राहिली, नवी गाडी मिळायचीच नाही, म्हणून आहे तीच जिवापाड जपायची. हँडलच्या वर बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे रोज सकाळी ताजी फुलं, छताला आतून लाल रेक्झिन, ते त्याने स्वतः शिवून घेतलेलं. म्हणाला, त्या काकांना सांगा, यावर दोन पोरींची शिक्षणं झाली. मी सांगतेय, तू वाचून दाखव.

मग पेट्टा. अरे काय बाजार आहे तो! एका गल्लीत नुसते मोबाईल आणि वायरी, दुसरीत कापड, तिसरीत भांडी, सी स्ट्रीटला सोन्याची दुकानं एकाला एक चिकटून आणि त्यांच्यामध्येच कतिरेशनची म्हणजे मुरुगनची जुनी नवी कोविलं, म्हणजे देवळं, गोपुरावर देवांची गर्दी आणि खाली सोनार. हातगाड्या ओढणाऱ्या हमालांना नाट्टामी म्हणतात, पाठीवर सारोंग म्हणजे लुंगी टाकलेली, गाडीवर पोत्यांची थप्पी आणि तोंडाने सतत आवाज देत गर्दी फोडत जातात. तिथे रिक्षापण मुंगीच्या पायाने चालते, पण तेच तर हवं. आई डावीकडे बघत होती मी उजवीकडे आणि दोघी एकाच वेळी बोलत होतो.

पेट्टाच्या तोंडाशी घड्याळाचा आणखी एक मनोरा आहे, खान क्लॉक टॉवर. मुंबईहून तिथे गेलेल्या पारशी कुटुंबाने बांधलेला, त्यांची कोलंबोत तेलाची गिरणी होती. फ्रामजी भिकाजी खान यांच्या मुलांनी वडिलांच्या आठवणीसाठी शहराला अर्पण केला, ४ जानेवारी १९२३ला, त्यांच्या पंचेचाळिसाव्या स्मृतिदिनी. आपल्याकडे पारशांची नावं प्याऊंवर आणि कारंज्यांवर वाचत मोठी झालेली मी, तिथे ते नाव बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तिथून आत गेलं की लाल मशीद, जामी उल-अल्फार, १९०९ सालची, लाल-पांढरे पट्टे, काही पिळाचे काही सरळ, काही नागमोडी, आणि वर डाळिंबासारखे घुमट. रस्ता इतका अरुंद की पूर्ण मशीद एका नजरेत मावत नाही, मान वर करून तुकड्या-तुकड्यानेच बघावी लागते.

थोडं पुढे कोच्चिकडेचं सेंट अँथनी चर्च. २१ एप्रिल २०१९ला, ईस्टरच्या रविवारी, तिथे प्रार्थना चालू असताना स्फोट झाला. दोनेक महिन्यांत ते दुरुस्त करून परत उघडलंसुद्धा. माहीमच्या चर्चला बुधवारी कशी सगळ्या धर्माची माणसं येतात तशी तिथे मंगळवारी येतात, बौद्ध, हिंदू, सगळे. अय्या स्वतः बौद्ध, पण दारात चप्पल काढून आमच्याबरोबर आत आला आणि मेणबत्ती लावली. स्फोटाच्या दिवशी त्याचा एक रिक्षावाला मित्र बाहेर उभा होता, वाचला, एवढंच म्हणाला. आम्ही पुढे काही विचारलं नाही.

जेवायला त्याने नेलं ते साधं राइस अँड करीचं हॉटेल. नारळाच्या दुधातली डाळ, पोलोस म्हणजे फणसाच्या कुयरीची भाजी (आई दोनदा घेऊन जेवली), पोल सांबोल म्हणजे खवलेलं ओलं खोबरं आणि लाल तिखट. काकूंसाठी एक लक्षात ठेव, सांबोलात आणि कधीकधी भाजीतपण सुक्या माशाचा चुरा घालतात, उंबलकड म्हणतात त्याला, त्यामुळे शाकाहारी दिसतं म्हणून घेऊ नका, आधी विचारा. नंतर दिवुलचा रस पी, दिवुल म्हणजे आपलं कवठ, ते गूळ घालून देतात. आणि म्हशीच्या दुधाचं मातीच्या मडक्यातलं दही, वरून कितुलची काकवी. कितुल म्हणजे कोकणात ज्याला भेरली माड म्हणतात ते झाड.

आता ज्याच्यासाठी खरं म्हणजे मी आईला नेलं होतं ते सांगते. रेडिओ सिलोन!

आईचं लहानपण दादरच्या चाळीत गेलं आणि बुधवारी रात्री आठ वाजता अख्ख्या मजल्यावर एकच आवाज, अमीन सायानींचा, बिनाका गीतमाला. १९५२ला आपल्या आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली, नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर, आपलाच मराठी माणूस, त्यांना शास्त्रीय संगीतच लोकांपर्यंत न्यायचं होतं. मग लोकांनी सुई फिरवून सिलोन लावलं. आणि गंमत बघ, कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा मुंबईत, टेप विमानाने जायची कोलंबोला, आणि तिथल्या ट्रान्समीटरवरून शॉर्टवेव्हने परत दादरच्या चाळीत. १९५७ला विविध भारती सुरू झाली, ती या सगळ्यामुळेच. पण सिलोन सुटलं नाही लोकांचं.

ते स्टेशन आजही आहे, इंडिपेंडन्स स्क्वेअरजवळ, पूर्वी त्या जागेला टॉरिंग्टन स्क्वेअर म्हणायचे. आत जायला परवानगी लागते, आमच्याकडे नव्हती. पण बसने आलो असतो तर तिथे कोण थांबवणार होतं? कुठल्याच टूरच्या यादीत ते नसतं. अय्याने फाटकासमोर सावलीत रिक्षा लावली आणि म्हणाला, अम्मा, पाहिजे तितका वेळ. आई रिक्षातच बसून होती. मग तिने पायदानांची, म्हणजे गीतमालेत गाण्यांना मिळणाऱ्या क्रमांकांची, नावं सांगायला सुरुवात केली, कुठल्या वर्षी कुठलं गाणं पहिलं आलं, कोणाच्या घरी रेडिओ होता, रेडिओच्या लायसनसाठी वडील पोस्टात कसे जायचे, शेजारच्या मावशी गाणी लिहून घ्यायला वही घेऊन कशा बसायच्या, सायानींचं "बहनों और भाइयों" सुरू झालं की स्टोव्हची फरफर त्रास देते म्हणून आजी स्टोव्ह कसा बंद करायची आणि मग भात अर्धा कच्चा राहायचा. हे मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. अय्याला अर्धं कळलं असेल, पण तोही मागे वळून बसून ऐकत होता, आणि मध्येच त्याने एक जुनं मुकेशचं गाणं गुणगुणायला घेतलं तर आईने पुढचं कडवं पूर्ण केलं. फाटकावरचा पहारेकरी हसत होता.

गंगारामय विहार बघ, जवळच आहे. बाहेर बोधिवृक्ष आणि आत जगभरातून आलेल्या भेटवस्तूंचा ढीग, हस्तिदंतापासून जुन्या मोटारींपर्यंत, मला तो पसारा फार आवडला नाही. त्यापेक्षा बेइरा तलावातलं सीमा मालक नावाचं बौद्ध मंदिर, जेफ्री बावा या वास्तुकाराने बांधलेलं, पाण्यावर लाकडी मंडप, चहूबाजूंनी ओळीने बुद्ध, तिथे अर्धा तास नुसतं बसा. बाबासाहेब १९५०मध्ये बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला आले होते आणि कोलंबोत त्यांचं भाषण झालं होतं, म्हणजे धर्मांतराच्या सहा वर्षं आधी. हे आईनेच अय्याला सांगितलं, त्याला नाव माहीत होतं, हे माहीत नव्हतं.

तुझ्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करून प्रेमदासा स्टेडियमवरून गेलो. ९ सप्टेंबर १९९४, ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिनचं वनडेतलं पहिलं शतक, ११०, ते इथेच. आणि अय्याने लगेच १९९७ची आठवण करून दिली, आपल्याविरुद्ध श्रीलंकेच्या ६ बाद ९५२, जयसूर्या ३४०. त्या कसोटीचे पाचही दिवस त्याने एकही भाडं घेतलं नव्हतं म्हणे.

संध्याकाळी गॉल फेस. समुद्राच्या कडेला लांबलचक हिरवळ, पतंग, पोरं, आणि इस्सो वडेच्या गाड्या, डाळीचा वडा आणि त्यात अख्खी कोलंबी खोचून तळलेली, वर कांदा आणि तिखट. गरमागरम खा, थंड झाला की चिवट होतो. एका बाजूला समुद्रात भर घालून केलेली पोर्ट सिटी, २६९ हेक्टर, अजून बरीचशी मोकळी. २०२२ला देश आर्थिक संकटात सापडला, तेव्हा याच हिरवळीवर एप्रिलपासून सरकारविरुद्ध आंदोलन करणाऱ्या लोकांनी तंबू ठोकले होते. अय्या पण यायचा. पेट्रोलच्या रांगेत तो रिक्षातच झोपायचा, पोरी घरून डबा आणून द्यायच्या, मग जुलैत क्यूआर कोड आले आणि रिक्षाला आठवड्याला पाच लिटर मिळायला लागलं. पाच लिटरमध्ये काय धंदा करणार सांग. तो हे सगळं चढ्या आवाजात नाही सांगत, वडा खात खात सांगतो, आणि मग म्हणतो त्या वेळी अनोळखी लोकांनी एकमेकांना जेवण दिलं. मला वाटतं कोलंबो मला त्या अर्ध्या तासात जेवढं कळलं तेवढं दिवसभरातल्या इमारतींत नाही कळलं.

परत येताना एका गल्लीत बीथोवनची पियानोवरची धून वाजत आली, मी म्हटलं आइस्क्रीमवाला, तर निघाला पाववाला. रिक्षाच्या मागे काचेचं कपाट आणि त्यात पाव. चून पान म्हणतात. त्रिकोणी मालू पान आत मासे-बटाटा भरलेलं, आणि किंबुला बनिस, मगरीसारखा लांब पाव, वर साखर. धून ऐकली की बायका पैसे घेऊन दारात. आईने दोन किंबुला घेतले आणि एक अय्याच्या पोरींसाठी बांधून दिला.

आता कामाचं. पैसे आदल्या दिवशीच बोलून घे, किती तास, कुठे कुठे, पेट्रोल त्यातच का, आणि स्पष्ट सांग की रत्नांच्या आणि मसाल्यांच्या दुकानात थांबायचं नाही, बऱ्याच जणांना तिथे कमिशन असतं. सुटी भाडी करायची तर पिकमी नावाचं ॲप आहे, त्यावर दर कळतो, म्हणजे बोलताना अंदाज राहतो. पेट्टा रविवारी आणि पोयाला म्हणजे पौर्णिमेला टाळ, पौर्णिमेला सगळ्या देशाला सुट्टी असते. दुपारी एक ते तीन ऊन मरणाचं, तेव्हा जेवण आणि आराम. देवळासाठी खांदे-गुडघे झाकणारे कपडे, चपला काढून उन्हात फरशी चटके देते म्हणून काकूंना मोजे घ्यायला सांग. लोटस टॉवर खालूनच बघा, वर जाण्यात जो वेळ जातो तो पेट्टाला द्या.

तिकिटं काढलीस की तारखा कळव, अय्याला विचारून त्याचा नंबर पाठवते. आणि शक्यतो मंगळवार धर, म्हणजे कोच्चिकडेची गर्दी पण बघायला मिळेल.

काका-काकूंना नमस्कार, पोरांना लाड.

तुझीच
जुनी शेजारीण