पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, पण ते पसंतीचं होतं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2025 च्या अकरावी प्रवेशाच्या पहिल्या फेरीची बातमी आपल्या अंकात पहिल्या पानावर वाचली. राज्यात सव्वासहा लाखांहून अधिक मुलांना जागा मिळाल्या आणि त्यातल्या साडेचार लाखांहून अधिक जणांना पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं. बातमीचा सूर समाधानाचा होता. मला मात्र हा आकडा वाचून फारसा आनंद झाला नाही, त्याचं कारण कळवतो.

मी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून दर जूनमध्ये सोसायटीच्या कार्यालयात बसून मुलांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. भाग एक, म्हणजे नाव, गाव, दाखले, हा पंधरा मिनिटांत उरकतो. खरी लढाई भाग दोनची. त्यात कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीच्या क्रमाने टाकायची असतात.

यंदा एक मुलगी वडिलांबरोबर आली. पाच विषयांत 500 पैकी 458, म्हणजे 91.60 टक्के. विज्ञान शाखा. तिच्या मनात ठाण्यातलं एक नावाजलेलं कॉलेज होतं. वहीच्या मागच्या पानावर तिने यादीही लिहून आणली होती. वडील म्हणाले, "सर, तिथली मागच्या वर्षीची कटऑफ साडेब्याण्णव होती. पहिला नंबर वाया कशाला घालवायचा? स्टेशनजवळचं कॉलेज पहिलं टाका, ते तरी पक्कं होईल." मी तासभर समजावलं. ते "बघतो" म्हणाले आणि घरी जाऊन फॉर्म स्वतःच लॉक केला. यादी लागली. ठाण्याच्या कॉलेजची कटऑफ तिच्या चार गुण खाली थांबली होती. हिला स्टेशनजवळचं मिळालं, तेही पहिल्या पसंतीचं! आणि पहिल्या पसंतीचं मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, थेट सर्वांसाठी खुल्या फेरीपर्यंत थांबा. आपल्या बातमीतल्या साडेचार लाखांत ही मुलगीही मोजलेली आहे.

वडिलांचा गैरसमज साधा आहे आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या पालकांचा तोच असतो. त्यांना वाटतं की एखादं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं की तिथे आपलं वजन वाढतं आणि दुसऱ्या क्रमांकावर टाकलं की कमी होतं. तसं काही नसतं. संगणक मुलांना गुणांच्या क्रमाने घेतो, प्रत्येकाची यादी वरून खाली पाहतो आणि जिथे जागा शिल्लक असेल तिथे थांबतो. 458 गुणांची मुलगी स्टेशनजवळच्या कॉलेजला तिसऱ्या क्रमांकावर ठेवती, तरी तिथे 450 वाला तिच्यापुढे जाऊ शकला नसता. म्हणजे मनातलं अवघड कॉलेज वर टाकण्यात तिचं काहीच जाणार नव्हतं. उलट दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचं मिळालं असतं, तर पुढच्या फेरीची वाट बघायची मोकळीक राहिली असती. (हे सांगताना मला लाज वाटायला हवी, कारण काही वर्षांपूर्वी भाच्याचा फॉर्म भरताना "आधी सेफ टाक" असं मीच म्हणालो होतो. गणिताचा मास्तर असून.)

आता कटऑफविषयी, कारण ही भीती तिथून येते. कटऑफ म्हणजे त्या कॉलेजने ठरवलेली पात्रता नव्हे. शेवटची जागा ज्याला मिळाली, त्याचे ते गुण. ते मागणीवर ठरतात आणि जागांवरही. एखाद्या अल्पसंख्याक संस्थेच्या कॉलेजात विज्ञानाची 120 जागांची एक तुकडी आहे असं धरा. निम्म्या म्हणजे 60 जागा अल्पसंख्याक कोट्याच्या, दहा टक्के म्हणजे 12 त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी इनहाऊस, पाच टक्के म्हणजे 6 व्यवस्थापनाच्या. उरल्या 42. कोट्यातल्या रिकाम्या जागा परत आल्या तर थोड्या वाढतील, एवढंच. आपण ज्या "नव्वदीपार" कटऑफचे मथळे छापता, ती कटऑफ अशा बेचाळीस खुर्च्यांसाठीची असू शकते. बेचाळीस खुर्च्यांच्या रांगेत दहा-बारा मुलं इकडची तिकडे झाली, तरी आकडा हलतो. मागच्या वर्षीच्या कटऑफवरून यंदाचं भविष्य सांगणं म्हणजे कालच्या लोकलच्या गर्दीवरून आजची सीट पकडणं.

शिवाय टक्क्यांचं मोल दरवर्षी तेच राहतही नाही. 2019 साली भाषा विषयांतले तोंडी परीक्षेचे गुण काढले आणि दहावीचा राज्याचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला. ते गुण परत आले आणि 2020 मध्ये निकाल 95.30 टक्के. मुलं एका वर्षात एवढी हुशार झाली नव्हती, आणि नावाजलेल्या कॉलेजांच्या भिंतीही मागे सरकल्या नव्हत्या. 2021 मध्ये तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला 99.95. यंदा, 2025 मध्ये, 94.10 टक्के, आणि 211 जणांना शंभर टक्के. त्यातले 113 एकट्या लातूर विभागातले. बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, म्हणजे सर्वांत जास्त गुणांचे पाचच विषय धरतात, वर चित्रकलेचे आणि खेळांचे वाढीव गुण आहेत. अशा निकालात 91 टक्के चांगले की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्यापुढे किती मुलं उभी आहेत, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर गुणवत्ता यादीतल्या क्रमांकात असतं. पेढे वाटताना तो कोणी पाहत नाही.

आपल्याला विनंती एकच. पुढच्या फेरीनंतर कटऑफचा तक्ता छापाल तेव्हा त्यात आणखी दोन रकाने द्या: कोटे वजा जाता त्या तुकडीत केंद्रीय (म्हणजे या ऑनलाइन) फेरीला जागा किती होत्या, आणि शेवटचा प्रवेश गुणवत्ता यादीतल्या कितव्या क्रमांकाला मिळाला. जमलं तर मोठ्या शहरांतल्या त्याच त्या दहा-बारा कॉलेजांबाहेरचीही नावं येऊ द्या. यंदा पहिल्यांदाच संपूर्ण राज्याची प्रक्रिया एका संकेतस्थळावर आली आहे आणि एकूण जागा 21 लाखांच्या आसपास, म्हणजे अर्जदारांहून कितीतरी जास्त आहेत. टंचाई आहे ती ठरावीक दरवाजांपुढे. त्या दरवाजांपैकी काहींच्या आत हजेरी लावायला मुलं फारशी जात नाहीत, दिवसभर क्लासमध्ये असतात, हा आणखी एका पत्राचा विषय.

स्टेशनजवळच्या कॉलेजात त्या मुलीचा प्रवेश झाला. परवा वडील जिन्यात भेटले. "सर, अजून काही करता येईल का?" असं त्यांनी विचारलं. मी नियम सांगितला. ते म्हणाले, "मग पहिला पसंतीक्रम मिळाल्याचा मेसेज आला, तेव्हा आम्ही शेजाऱ्यांना पेढे का दिले?"

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, डोंबिवली (पूर्व)

ता. क. : दुसऱ्या फेरीचा भाग दोन भरण्यासाठी आमच्या सोसायटीच्या कार्यालयात संध्याकाळी सहा ते आठ मी बसतो. पैसे लागत नाहीत. ओटीपी येणारा मोबाईल बरोबर आणावा. तो दर वेळी घरी राहतो.