संशोधन सक्तीचं केलंत, मग प्रयोगशाळेच्या विजेचं काय?

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : एमएस्सीच्या विनाअनुदानित तुकड्या, सक्तीचा संशोधन प्रकल्प आणि ठाण्यातल्या एका प्रयोगशाळेत मेलेल्या पेशी.

महोदय,

सविनय नमस्कार. मी कळव्याला राहते. ठाण्यातल्या एका कॉलेजात एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात आहे, विषय पेशीविज्ञान. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण माझे अंतर्गत गुण अजून त्यांच्या हातात आहेत. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे, तरी हे पत्र आपण स्वतः वाचावं अशी विनंती.

पाडव्याला जोडून सुट्ट्या आल्या आणि त्यात कॉलेजची वीज गेली. किती वेळ गेली होती, हे कुणालाच सांगता आलं नाही. कॉलेजला जनरेटर आहे, पण तो ऑफिस आणि सभागृहाच्या लाइनवर. लॅबला जोडून देऊ, असं प्रवेशाच्या वेळी सगळ्या पालकांसमोर सांगितलं गेलं होतं. माझे बाबा त्या सभेला होते. वीज परत आली, पण लॅबचा एमसीबी, म्हणजे विजेचा सुरक्षा स्विच, पडलेलाच राहिला आणि तो वर करायला कुणी नव्हतं. सुट्टी संपल्यावर आम्ही लॅब उघडली तेव्हा फ्रीजरखाली पाणी साचलं होतं आणि पेशी वाढवायचा इनक्युबेटर बंद होता.

साहेब, आपण कदाचित म्हणाल, एक मशीन बंद पडलं, त्यात काय एवढं. म्हणून सांगते. माणसाच्या पेशी फ्लास्कमध्ये वाढवायच्या तर त्यांना ३७ अंश तापमान लागतं, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो, दमट हवा लागते, आणि हे सगळं अखंड लागतं. शनिवार, रविवार, दिवाळी, निवडणूक काहीही असो. कार्बन डायऑक्साइड थांबला की मिडियमचा, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या द्रवाचा, रंग बदलतो. एरवी ते लालसर गुलाबी असतं, त्या दिवशी जांभळं पडलेलं होतं. फ्लास्क मायक्रोस्कोपखाली धरला. आम्ही हेला नावाच्या मानवी पेशी वाढवत होतो; त्या जिवंत असल्या की तळाला चिकटून, पसरून, एकमेकींना लागून बसतात. आमच्या पेशी गोल होऊन सुटल्या होत्या. फ्लास्क जरा कलता केला की धुळीसारख्या इकडून तिकडे जायच्या. माझ्या मैत्रिणीने तिचे फ्लास्क पाहिलेच नाहीत. माझे पाहून ती बाहेर जाऊन बसली.

पेशी गोठवून ठेवता येतात, हेही मला ठाऊक आहे. उणे १९६ अंशांच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये त्या वर्षानुवर्षं टिकतात. आमच्याकडे कॅन आहे. तो भरून आणायचं बिल सहीसाठी पडून होतं आणि कॅन कोरडा होता. फ्रीजरमधलं सीरमही वितळून गेलं. सीरम म्हणजे गाईच्या गर्भातल्या वासराच्या रक्तापासून काढतात ते, परदेशातून येतं आणि एका बाटलीला हजारो रुपये पडतात. आम्ही मुलींनी वर्गणी काढून ते आणलं होतं.

या हेला पेशी १९५१ मध्ये अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतल्या. तिला न विचारता घेतल्या. ती त्याच वर्षी गेली. तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात, साधारण चोवीस तासांत दुप्पट होतात. त्यांच्यावर पोलिओच्या लसीची चाचणी झाली. सत्तरहून अधिक वर्षं जगलेल्या त्या पेशी आमच्याकडे एका सुट्टीत मेल्या. माझ्या मावशीला हाच कर्करोग झाला होता. परळला तिच्यासोबत रांगेत बसून मी अकरावीचा अभ्यास केला आहे. मी हा विषय का घेतला, हे मला कुणी विचारलं नाही तरी आपल्याला सांगावंसं वाटलं.

आता कॉलेज म्हणतं, प्रोजेक्ट बाहेरून करून आणा.

इथे तुमच्या खात्याचा संबंध येतो. राज्याने २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू केलं. त्यात दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाचे ४ आणि चौथ्या सत्रात ६. कागदावर फार चांगलं आहे, मला मनापासून आवडलेलं आहे. आमच्या आधीच्या मुली कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या त्याच त्या स्लाइड काढून पास झाल्या, आम्हाला खरं काम करायला मिळणार होतं. पण हे १४ क्रेडिट मिळवायचे कुठे? प्रत्येक कॉलेजला एक चालणारं सेल कल्चर, म्हणजे पेशी वाढवायची सोय, असलं पाहिजे, त्याला अखंड वीज असली पाहिजे, अशी अट कुठे आहे? तुकडीला परवानगी देताना पाहणीला समिती येते. आमच्या सीनियर सांगतात की त्या दिवशी इनक्युबेटर दुसऱ्या विभागातून आणून ठेवला होता. समितीने तो पाहिला, चहा घेतला आणि गेली.

मग आम्ही जायचं कुठे, तर महापे-रबाळे पट्ट्यातल्या खाजगी लॅबमध्ये. मी तशा एका ठिकाणी फोन केला. दोन महिन्यांच्या प्रोजेक्टचे पंचवीस हजार, सर्टिफिकेटसह. मी विचारलं, रोज यावं लागेल का? उत्तर मिळालं, "यायची गरज नाही मॅडम, डेटा हमखास मिळेल." हे तुमच्या धोरणातलं संशोधन. ज्याच्या बापाकडे पंचवीस हजार आहेत त्याला आकडे विकत मिळतात आणि व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, त्याचे आलेख माझ्यापेक्षा सुबक दिसतात. खारघरला ॲक्ट्रेकसारखी कर्करोग संशोधन संस्था ट्रान्सहार्बरच्या गाडीने घरापासून जवळ आहे, पुण्यात एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, जिथून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी मिळतात. पण त्या संस्थांनी प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक मुलीला बाकडं द्यावं, असं कोण म्हणेल? ते काम कॉलेजचं आहे. कॉलेजकडून ते करून घेणं तुमचं आहे.

पैशांचंही बोलते, कारण घरी रोज तेच बोलणं असतं. बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होते. कंपनी बंद झाली, आता ते एका सोसायटीत सिक्युरिटीला आहेत, रात्रपाळी. आई पोळ्या लाटून देते. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आला तेव्हा आईने पेपरातली बातमी कापून देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती : ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आम्ही ओबीसी. सगळे दाखले गोळा केले. तहसीलच्या सेतूत रांगा लावल्या, नॉन क्रिमीलेअर काढलं. काउंटरवरच्या माणसाने अर्ज हातातही घेतला नाही. म्हणाला, ते व्यावसायिक अभ्यासक्रमांना, तुमची एमएस्सी, तीही स्वयंअर्थसहाय्यित. फार्मसी घेतली असती तर झालं असतं.

म्हणजे औषधाची गोळी बनवायला शिकणारी मुलगी राज्याची लाडकी आणि ती गोळी पेशीत शिरून काय करते हे शोधणारी मुलगी परकी. हा भेद कोणत्या तज्ज्ञाने केला? मला त्याला भेटायचं आहे. कोविशील्ड एचईके २९३ या मानवी पेशींच्या कल्चरमध्ये वाढवली गेली, कोव्हॅक्सिन माकडाच्या व्हेरो पेशींमध्ये. तुम्ही, मी, सगळ्या मंत्रिमंडळाने यातलीच कुठली तरी सुई टोचून घेतली आहे. त्या पेशी कुणीतरी मध्यरात्री उठून सांभाळल्या होत्या. अशी माणसं तयार होतात ती एमएस्सीच्या प्रयोगशाळेतच, दुसरीकडे कुठे नाही.

आमच्या मॅडम नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, पास आहेत, पीएचडी आहेत आणि तासिका तत्त्वावर शिकवतात. सुट्टीत पगार नाही. बदलापूरहून येतात. पाडव्याच्या सुट्टीत लॅबवर नजर ठेवायला त्या का आल्या नाहीत, असं कॉलेजने त्यांना लेखी विचारलं आहे! ज्या दिवसाचे पैसे देत नाही त्या दिवसाचा जाब मागायचा, याला काय म्हणावं. राज्यभर प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि हजारो नेट-सेट झालेली माणसं तासांवर जगत आहेत. मी पुढे मॅडमसारखं होणार असेन तर माझ्या आईला काय सांगू?

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, विधान परिषदेत, सारथी या सरकारी संस्थेच्या पीएचडी फेलोशिपवर बोलताना सरकारच्या वतीने विचारलं गेलं की पीएचडी करून काय दिवे लावणार आहेत. ते वाक्य आमच्या घरी टीव्हीवर आईने ऐकलं. तिने काही विचारलं नाही, पण नात्यातले लोक अजून मला तेच ऐकवतात. तुमच्या सरकारच्या त्या एका वाक्याने माझ्या घरात माझ्यासाठी जे स्थळं बघायचं थांबलं होतं ते पुन्हा सुरू झालं. हे तुम्हाला कुणी कळवलं नसेल म्हणून मी कळवते.

आणि मी एकटं महाराष्ट्राचं सांगत नाही. जून २०२४ ची सीएसआयआर नेट परीक्षा ऐन चार दिवसांवर आली असताना पुढे ढकलली, मग २५ ते २७ जुलैला घेतली. आमच्या सीनियरनी नोकरी सोडून अभ्यास केला होता. ती परीक्षा पास झालं तर जेआरएफचे, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपचे, महिना ३७ हजार, तेही किती जणांना. देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास. जुलै २०२५ मध्ये केंद्राने संशोधनासाठी १ लाख कोटींची योजना मंजूर केली, ती उद्योगांसाठी. कॉलेजांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना आहे, ती पदवीच्या वर्गांना. मधल्या आमच्यासारख्यांना कुणीच धरत नाही. दिल्ली म्हणते राज्याचा विषय, राज्य म्हणतं तुकडी विनाअनुदानित, कॉलेज म्हणतं फी भरून घेता येते तेवढंच देता येतं. फी तर आम्ही भरली!

मला जे हवं आहे ते स्पष्ट लिहिते, म्हणजे नंतर मागणी मोघम होती असं कुणी म्हणायला नको. ज्या कॉलेजांना जीवशास्त्राच्या पदव्युत्तर तुकड्या चालवायची परवानगी आहे, तिथल्या कल्चर लॅबला स्वतंत्र बॅकअप वीज आहे की नाही याची तपासणी करा, न सांगता जाऊन करा. नसेल तिथे नवे प्रवेश थांबवा. ठाणे आणि नवी मुंबईच्या कॉलेजांना मिळून वापरता येईल असं एक सामायिक सेल कल्चर केंद्र राज्याच्या पैशाने उभं करा, जिथे विद्यार्थी स्वतः काम करेल आणि डेटा विकत मिळणार नाही. मुलींच्या शुल्कमाफीत एमएस्सी घ्या, स्वयंअर्थसहाय्यित तुकड्यांसह. आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना सुट्टीतल्या लॅबच्या कामाचे पैसे द्या किंवा त्यांना त्याचा जाब विचारू नका.

आमच्या वर्गापुरतं एक तातडीचं आहे. विद्यापीठाने आमच्या प्रकल्पाच्या सबमिशनला मुदतवाढ द्यावी असं पत्र तुमच्या कार्यालयातून जाऊ शकतं. नव्या पेशी मागवून, वाढवून, एमटीटीचे, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत ते मोजायचे, प्रयोग तीनदा करून बघायला वेळ लागतो, आणि ते तीनदा केल्याशिवाय मी आकडे लिहिणार नाही. मी विकतचे आकडे लावणार नाही, गुण गेले तरी.

या पत्राची प्रत मी आपल्या कार्यालयाच्या ईमेलवर पाठवते आहे. "आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग केला आहे" हे उत्तर मला शिष्यवृत्तीच्या वेळी मिळालेलं आहे, ते पुन्हा नको. मुदतवाढ मिळणार की नाही एवढं तरी सबमिशनच्या तारखेआधी लेखी कळवावं.

आपली,
एमएस्सी भाग २ ची एक विद्यार्थिनी,
कळवा, जि. ठाणे