लंडनच्या उन्हाळ्याची तयारी: आई-बाबांना पत्र

हॅरो, लंडन
२८ मे

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

तिकडे नवतपा सुरू झालाय आणि मी लंडनहून उन्हाळ्याबद्दल लिहितेय, म्हणजे बाबा आधी हसणार. हसून घ्या. शेहेचाळीस-सत्तेचाळीस अंश सोसलेल्या नागपूरकरांना बत्तीस अंशांचं काय कौतुक! पण जुलैपासून तुम्ही दीड महिना इथे राहणार आहात, आणि इथला उन्हाळा दुपारी नाही, रात्री छळतो. म्हणून हे लांबलचक पत्र. आईने मोठ्याने वाचावं, बाबांनी मध्ये बोलू नये.

आधी आकडे, कारण बाबांना त्याशिवाय पटत नाही. इथलं हवामान खातं लंडनमध्ये सलग तीन दिवस २८ अंश गाठले की उष्णतेची लाट म्हणतं. स्कॉटलंडमध्ये तर २५ लाच. पण १९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश झाले. या देशात पारा चाळिशीपार जाण्याची ती पहिलीच वेळ. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याच्या आदली रात्र. इंग्लंडमध्ये काही ठिकाणी पारा २५ च्या खाली उतरलाच नाही. त्याआधी सगळ्यात गरम रात्रीचा उच्चांक ब्रायटनचा होता, ऑगस्ट १९९० मधला, २३.९ अंश. २०२५ चा उन्हाळा तर १८८४ पासूनच्या नोंदींत सगळ्यात गरम ठरला. तेव्हा स्वेटर आणा, पण नुसते स्वेटर आणू नका.

आता घराचं. बाबा, हे नीट ऐका. नागपुरात मे-जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. ऊन पडतं स्लॅबवर, आणि खिडक्यांना छज्जा असतो. लंडनमध्ये जूनमध्येसुद्धा भर मध्यान्ही सूर्य ६२ अंशांच्या वर चढत नाही, आणि संध्याकाळभर तो तिरपाच असतो. छज्जा कुठल्याच घराला नाही. त्यामुळे ऊन सरळ काचेतून आत शिरतं. आपल्या माडीवरच्या पुढच्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे. संध्याकाळी पाच-सहाला तिच्या दोन चौरस मीटर काचेतून आठशे-नऊशे वॅट उष्णता आत येते, म्हणजे भर उन्हाळ्यात कुणीतरी छोटा हीटर लावून ठेवल्यासारखं. दुहेरी काच, माळ्यावर पसरलेला फूटभर जाडीचा लोकरीसारखा थर, पायाखाली गालिचा, हे सगळं थंडीत ऊब टिकवायला केलेलं. एकदा आत आलेली उष्णता तेच आत धरून ठेवतं. थर्मासमध्ये राहतोय समजा.

शिवाय रात्र लहान. नागपुरात मे महिन्यात सूर्य सातच्या आत मावळतो, घराला निवायला दहा तास मिळतात. इथे जुलैच्या सुरुवातीला सव्वानऊला मावळतो आणि पावणेपाचला पुन्हा हजर. सर्वांत जास्त तापमान इथे दुपारी बाराला नसतं, चार-पाचला असतं. घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे केलेलं असतं हेही त्याचं एक कारण. म्हणून "आता पाच वाजले, चला फिरायला" ही आपली सवय इथे उलटी पडते. फिरणं सकाळी साडेसहा ते आठ, नाहीतर रात्री आठनंतर. आठला लख्ख उजेड असतो, काळजी नको.

आता खिडक्या. दिवाणखान्यात आणि मागच्या दाराबाहेर सावलीत असे दोन साधे तापमापक लावले आहेत. नियम एकच: बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा कमी असेल तेव्हाच खिडक्या उघडायच्या. लाटेच्या दिवसांत हे बहुधा रात्री नऊ-दहाला होतं आणि सकाळी आठपर्यंत टिकतं. आठला सगळं बंद, पडदे ओढायचे. आई, तू दुपारी "कोंडल्यासारखं होतंय" म्हणून खिडकी उघडशील, मला माहीत आहे. बाहेर ३३ आणि आत २६ असताना उघडलीस तर तासाभरात आतही तिशी गाठली जाईल, आणि ती उतरवायला रात्र पुरणार नाही. आपल्याकडे दुपारी दारं-खिडक्या लावून घेतात तेच हे. इथले लोक मात्र उन्हाला इतके आसुसलेले असतात की भर दुपारी सगळं सताड उघडं टाकतात आणि रात्री तळमळतात.

पडदा आतून लावला तर ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि खोली तापवतो. आडोसा काचेच्या बाहेर हवा. इथे बाहेरून लाकडी झडपा नसतात आणि खिडक्या बाहेरच्या बाजूला उघडतात, त्यामुळे बांबूची चीक टांगायची सोय नाही. त्यावर उपाय म्हणून येताना बाबांची दोन जुनी पांढरी धोतरं आणा. खिडकीची वरची छोटी काचेची झडप उघडायची, धोतराचं टोक वीतभर आत घ्यायचं, बाकीचं बाहेर काचेवर सोडायचं आणि झडप त्याच्यावर बंद करायची. रबरी पट्टी कापड घट्ट धरते. कापड एकपदरीच हवं. दुहेरी झालं की कडी पूर्ण बसत नाही, आणि जोर लावला तर मूठ आतून तुटते. ऊन पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी एकनंतर येतं, तेव्हा साडेबारापर्यंत हे झालेलं असावं. खिडकीतून बाहेर वाकायचं नाही. हे काम मी ऑफिसला जायच्या आधी करून जाईन, तुम्ही फक्त वाऱ्याने सुटलं नाही ना एवढं बघा. काचेला आतून चंदेरी कागद चिकटवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दुहेरी काच मध्येच तापते, कडा गार राहतात आणि काच तडकू शकते.

पंखा छताला नाही. छत आठ फुटांचं, बाबांनी हात वर केला की लागेल, तिथे पाती कुठे फिरवणार? उभा पंखा आहे. झोपायच्या आधी तासभर तो स्वतःकडे न वळवता माडीवरच्या खिडकीपासून दीड-दोन फुटांवर ठेवा, तोंड बाहेर. खाली स्वयंपाकघराची, सावलीतल्या बाजूची खिडकी उघडी ठेवा आणि मधली सगळी दारं उघडी. गरम हवा जिन्यातून वर चढतेच, पंखा तिला बाहेर ढकलतो आणि खालून गार हवा ओढली जाते. खालची खिडकी बंद राहिली तर पंखा नुसता घुमतो, हवा हलत नाही. घर निवलं की पंखा अंगावर घ्या आणि खालची खिडकी आठवणीने लावून घ्या. चोरीची भीती आहे, आणि एखादी मांजरही टपकन आत येते. खिडक्यांना जाळ्या नसतात. डास नागपूरच्या मानाने नगण्य, पण दिवा लावून खिडकी उघडी ठेवली की पतंग येतात. आधी दिवा बंद, मग खिडकी. बाबांना गवताच्या परागांनी शिंका येऊ शकतात, त्यांचा मोसम जुलैपर्यंत असतो. तसं झालं तर त्यांच्या उशाकडची खिडकी बंद ठेवून जिन्याची उघडू.

बाबा, कूलर का नाही, हा प्रश्न येणारच. नागपूरचा कूलर मे महिन्यात चालतो तो हवा कोरडी आणि खिडकी उघडी म्हणून. तोच कूलर जुलैत लावला की अंथरूण ओलसर होतं, हे तुम्हीच सांगता. इथे बंद खोलीत तेच होईल. फिरता एसी मिळतो. त्याची सोंड खिडकीतून बाहेर काढावी लागते, आणि बाहेर उघडणाऱ्या खिडकीला त्यासाठी चेनवाला कापडी पडदा चिकटवावा लागतो. तरी एका सोंडेचा एसी खोलीतलीच हवा बाहेर फेकतो, मग तेवढीच गरम हवा फटींतून आत येते. वर तो खोलीतच घरघरतो. तासाला सुमारे एक युनिट खातो, एका युनिटला पंचवीस पेन्सच्या आसपास पडतात. आठ तासांचे दोन पौंड, पैशांचा प्रश्न नाही. पण धोतर आणि पंख्याने भागत असेल तर तो डबा कशाला? लाट पाच-सहा दिवस लांबली तर मात्र आणू, हट्ट नको.

झोपायला गच्ची नाही, घराला उतरतं कौलारू छप्पर आहे. लाटेत तुमची गादी खाली दिवाणखान्यात घालणार, माडीपेक्षा तिथे दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. इथल्या रजया टॉग नावाच्या, ऊब सांगणाऱ्या मापात येतात, हिवाळ्याची साडेतेरा टॉगची. ती कपाटात टाकून फक्त तिची सुती खोळ पांघरायला देईन. आई, मलमलच्या दोन साड्या आणि चार पंचे आण. ओला पिळलेला पंचा मानेवर आणि समोर पंखा, इतकं साधं दुसरं काही नाही. पण खोलीतच ३५ च्या वर गेलं तर नुसता कोरडा पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, तेव्हा आधी अंग ओलं करायचं.

पाणी प्यायचं ते स्वयंपाकघराच्या नळाचंच. हे १९३० च्या दशकातलं घर आहे, न्हाणीघरातलं पाणी माळ्यावरच्या टाकीतून येतं. ते प्यायचं नसतं, आणि लाटेत "गार" नळालाही कोमट येतं. ताक, कोकम, सब्जा चालूच ठेवा. पन्ह्यासाठी कैऱ्या वेम्बलीच्या ईलिंग रोडवर मिळतात. इलेक्ट्रॉलबद्दल एक सावधगिरी: तुमच्याकडचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात घालायचं असतं, इथलं डायोरालाइटचं पाकीट २०० मिलिलिटरमध्ये. दोन्ही घरात असतील, अदलाबदल करू नका. आणि बाबांना रक्तदाब आहे, तेव्हा ते सरबतासारखं पिणं नाही.

बाबांच्या गोळ्यांतली एक लघवी वाढवणारी आहे. उन्हात ती अंगातलं पाणी आणखी कमी करते. ती मनाने बंद करायची नाही, पण निघण्याआधी डॉक्टरांना "लंडनला उष्णतेची लाट आली तर काय करू" हे विचारून चिठ्ठीवर लिहून आणा. आईच्या थायरॉइडच्या गोळ्या पंचविशीच्या खाली राहायला हव्यात. त्या खिडकीच्या कठड्यावर नाही, जिन्याखालच्या कपाटात ठेवू.

चक्कर, पायात गोळे, लघवी कमी आणि गडद, असं काही वाटलं तर लगेच आडवं व्हायचं, पाय उंच, ओला पंचा, पाणी, आणि मला फोन. अर्ध्या तासात उतार पडला नाही किंवा बोलणं असंबद्ध झालं तर ९९९ या तातडीच्या नंबरला. नुसता सल्ला हवा असेल तर १११. हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात पाहुण्यांनाही पैसे पडत नाहीत, पण दाखल करून घेतलं की बिल सुरू होतं. म्हणून प्रवासविमा काढताना रक्तदाब लपवू नका. "सांगितलं की हप्ता वाढतो" हे शेजारच्या काकांचं गणित ऐकलं तर दावा फेटाळला जातो.

बाहेर जाताना गाडी बघून बसा. हॅरो-ऑन-द-हिलहून सुटणारी मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी गार असते. हॅरो अँड वील्डस्टोनला मात्र एकाच फलाटावर दोन गाड्या येतात. युस्टनला जाणारी लायनेस लाइनची गाडी वातानुकूलित, नकाशावर तपकिरी रंगात दाखवलेल्या बेकरलू लाइनची नाही. बेकरलू पुढे खोल बोगद्यात शिरते, आणि तिथली चिकणमाती शंभर वर्षांच्या गाड्यांची उष्णता पिऊन बसली आहे. भुयार गार असेल ही आपली समजूत तिथे खोटी ठरते. मोठ्या लाटेत लांबच्या गाड्या हळू धावतात. इथले रूळ २७ अंश धरून ताणून बसवलेले असतात, आणि उन्हात रूळ हवेपेक्षा वीस अंशांनी जास्त तापू शकतो, मग तो वाकायची भीती. त्या दिवसांत यॉर्क-एडिंबरा नको, तिकिटं तशीच बेतली आहेत.

तर सामानाची यादी: धोतरं दोन, मलमलच्या साड्या दोन, पंचे चार, सब्जा पाव किलो, डॉक्टरांची चिठ्ठी. प्लास्टिकचा मग आणा, बादली इथे मिळते. माठ आणायचा विचारही करू नका बाबा, तो विमानात फुटेल. आणि कूलरच्या वाळ्याच्या ताट्या इकडे पाठवायची जी काही योजना फोनवर ऐकू आली, ती तिथेच सोडा.

तुमची,
चिऊ